तीन पाण्यांत धुतलेला दोर

त्या वर्षी डाळिंबं फुटून झाडावरच वाळली, तरी आमच्या बेटावर पाऊस आला नाही. आभाळ पांढरं आणि समुद्रही पांढरा. दुपारी अंगणाच्या भिंतीवरून पाहिलं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. मधेच एखादी होडी हवेत टांगून ठेवल्यासारखी दिसायची. माणसं हळू चालायची, हळू बोलायची, आणि बोलता बोलता काय बोलत होतो ते विसरायची. माझा नवरा खमैस तेवढा जागा होता, कारण त्याला शेजारच्या ताहरकाकांची जागा हवी होती.

जागा म्हणजे जमीन नव्हे, समुद्रातली जागा. आमच्याकडं समुद्र उथळ आहे. ओहोटीला अर्धा कोस आत चालत गेलं तरी पाणी मांडीच्या वर येत नाही. तिथं प्रत्येक घराची आपली जागा असते, बापाकडून मुलाकडं आलेली. दिवस आणि रात्र सारखे झाले की तिथं झावळ्या रोवून लांबच लांब कुंपण घालायचं. मासा त्या कुंपणाच्या कडेकडेनं चालत येतो आणि आपणहून सापळ्यात शिरतो. पण रिवाज असा, की लागोपाठ तीन हंगाम कुंपण पडलं नाही तर जागा मोकळी होते आणि शेजारचा ती मागू शकतो. ताहरकाकांचे दोन हंगाम रिकामे गेले होते. तिसरा तोंडावर आला होता, आणि शेजारचे आम्हीच होतो.

त्यांचा मुलगा फरजानी फ्रान्सला कारखान्यात गेला तो गेलाच. मागं राहिले म्हातारे ताहरकाका, डोळ्यांत फूल पडलेले, आणि सून मबरूका. मुलानं निरोप पाठवला होता, होडी विकून टाका म्हणून. काकांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि उलट निरोप दिला नाही.

मबरूका आतल्या मुलखातली, धनगराची पोर. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो लग्नाच्या दिवशी. आम्ही बायका तिला आपसांत 'मेंढरी' म्हणायचो. ती मान खाली घालून काम करायची आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा बाईचा मला राग येतो. का येतो ते मी पुढं सांगणार आहे, म्हणजे सांगावंच लागणार आहे.

एका सकाळी तिनं त्यांची खोप उघडली आणि आतून दोर ओढून ओढून अंगणात टाकले. तीन वर्षं अंधारात पडलेले दोर. शेवाळ वाळून काळं झालेलं, माशाचे खवले चिकटलेले, डांबर, उंदराच्या लेंड्या, आणि सगळ्यावर मिठाची पांढरी साय. वास असा की माझ्या कोंबड्या भिंतीवरून उतरल्या.

"काय गं, एवढे साप कुठून मारलेस?" मी भिंतीवरून विचारलं.

"दोर आहेत, ताई. धुणार आहे."

"आणि धुवून?"

"होडीला लावणार. होडी बरी आहे. शीड पण बरं आहे, एक कोपरा उंदरांनी खाल्लाय तेवढा. सगळं दोरांवाचून अडलंय."

"हाकणार कोण?"

"बाबा सांगतील तसं मी."

मी हसले. दुपारी खमैसला सांगितलं, तोही हसला. मग हसता हसता थांबला.

"धुणार कशात? त्यांच्या टाक्यात वीतभर तरी पाणी आहे का?"

खरी मेख तिथंच होती. समुद्राच्या पाण्यात दोर कितीही धुवा, घाण जाते पण मीठ आत राहतं. मीठ ओल धरून ठेवतं, ओलीनं दोर आतून कुजतो आणि वरून लाकडासारखा कडक होतो. कप्पीतून सरकत नाही, हात कापतो, आणि ऐन वाऱ्यात दगा देतो. मीठ काढायचं तर गोडं पाणी हवं. आमच्या बेटावर गोडं पाणी म्हणजे घराखालच्या टाक्यात साठलेला पाऊस, दुसरं काही नाही.

पहिले दोन दिवस तिनं दोर समुद्रावर नेले. गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेक दोर दगडावर घ्यायची आणि झावळीच्या देठाच्या दांडक्यानं बडवायची. धप्, धप्, धप्. तो आवाज उन्हातून हळूहळू आमच्या घरापर्यंत यायचा. मी जात्यावर जव दळत असायचे आणि माझा हात त्या आवाजाच्या तालावर फिरायला लागायचा. मग रागानं मी ताल मोडायचे.

तिसऱ्या दिवशी अंजिराच्या झाडाखाली तीन अर्धी कापलेली पिपं मांडली. पहिल्यात राख कालवलेलं पाणी, दुसऱ्यात नुसतं, तिसऱ्यात सगळ्यात स्वच्छ. दोर पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पहिल्यातलं पाणी काळं झालं की ते फेकायचं, दुसऱ्याचं पहिल्यात ओतायचं, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्याला. असं एकाच पाण्याकडून तीनदा काम करून घ्यायचं. ही युक्ती काकांची. दोर पिळायचा नाही, पिळला की त्याचे पदर उसवतात. हातानं दाबत दाबत पुढं सरकवायचा, गाईचं आचळ दाबावं तसा.

काका झाडाला टेकून बसायचे. दोराचं टोक हातात आलं की जिभेला लावायचे.

"अजून आहे," म्हणायचे. दोर पुन्हा पाण्यात.

"आता?"

"आहे थोडं. मधे आहे, पोटात."

"बाबा, तुम्हाला पोटातलं कसं कळतं?"

"पोरी, चाळीस वर्षं मी दुसरं काय चाखलंय?"

पाणी दोरांकडं गेलं म्हणजे माणसांकडून गेलं. त्या घरात चहा एकदाच व्हायला लागला. भाकरी कोरडी, अंजिराबरोबर. काका नमाजाआधी पाण्याऐवजी स्वच्छ मातीवर हात टेकवून तोंडावरून फिरवायला लागले. पाणी नसलं की तसं चालतं. खमैसनं ते पाहिलं आणि वाटेवरून मोठ्यानं म्हणाला, "वा काका! दोराला अंघोळ आणि तुम्हाला माती!"

काकांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "अरे खमैस, मी म्हातारा झालो. माझी घाण आता निघत नाही. दोराची निघते."

वाटेवरची माणसं हसली. खमैस घरी आला तो भांडी आपटतच.

सहाव्या दिवशी मबरूका रिकामी बादली घेऊन आमच्या दारात उभी राहिली. हात पदराखाली झाकलेले.

"ताई, दोन बादल्या द्या. पाऊस आला की चार देईन. फक्त नांगराचा दोर राहिलाय."

खमैस आतून ओरडला, "ज्या दोरानं माझी वाट अडवणार, तो माझ्याच पाण्यात धुणार होय?"

ती गेली नाही. तशीच उभी राहिली. आमच्या टाक्यात तेव्हा पुरुषभर पाणी होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. मी उठले आणि बादली भरून आणली. एकच. तीसुद्धा तळाला पोहरा घासून काढलेली, पानं आणि गाळ असलेली. ती बादली घेताना मला तिचे हात दिसले. राखेनं आणि मिठानं कातडी सोलून गेली होती, बोटांची टोकं लाल, ओली, कवळ्या बाळाच्या ओठांसारखी.

"अल्ला तुमचं टाकं भरलेलं ठेवो," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मला फार राग आला.

आता नांगराच्या दोराबद्दल सांगते. आमच्याकडं दोर कधी एकाच कामाचा नसतो. नांगराचा दोर सगळ्यात लांब, म्हणून जागेचं मापही त्याच्यावरच असतं. समुद्रात एक काळा धोंडा आहे, ओहोटीला डोकं वर काढतो. दोराचा फास त्या धोंड्यात अडकवायचा आणि दोर पीराच्या पांढऱ्या घुमटाच्या रोखानं ताणायचा. दोरावर तीन ठिकाणी लोकर गच्च गुंडाळलेली असते. पहिल्या लोकरीला कुंपण सुरू, दुसरीला वळण, तिसरीला सापळा. ही लोकर घरच्या बाईनं बांधायची, आपल्या मागावरची. ताहरकाकांच्या दोरावर त्यांच्या बायकोनं, जनातकाकूनं, निळी बांधली होती. काकू जाऊन सात वर्षं झाली होती. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, म्हणून ते कुणी कुणाला सांगत नाही.

मबरूका बेटावरची नव्हती.

दुपार होती. दक्षिणेकडचा गरम वारा सुटला होता आणि सगळं बेट झोपेत असल्यासारखं होतं. काका अंजिराखाली डुलकी घेत होते. उठले की ते नेहमी एकच स्वप्न सांगायचे. जनातकाकू घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाते आहे, मागं वळून बघत नाही, आणि तोंडानं वाव मोजते आहे, पसरल्या दोन हातांएवढी एकेक, सात, आठ, नऊ. "दहा म्हणायच्या आत मला जाग येते," असं ते म्हणायचे.

मबरूका धुतलेला दोर मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यात अडकलेला कचरा वेचत होती. शेवाळाचे दोरे, शिंपल्यांचे तुकडे, खवले. धनगराची पोर ती. माहेरी डांबर लागलेली लोकर म्हणजे फेकायची वस्तू. तिची बोटं त्या काळ्या गुंडाळीशी आली. नखानं टोक उचकलं, गुंडाळी उलगडली, उपटली आणि वाऱ्यावर सोडून दिली. मग दोर पुढं सरकवला. चेहरा असा की ती तिथं नव्हतीच, कुठल्यातरी मेंढीच्या पाठीवरचे गोखरू काढत माहेरच्या टेकडीवर बसली होती.

मी भिंतीवर कोपर टेकून उभी होते. मी पाहिलं. पहिली लोकर उपटताना पाहिलं. तोंड उघडलं. नुसतं "अगं" म्हटलं असतं तरी ती थांबली असती. मग डोक्यात आलं, खमैसची जागा. एकाऐवजी दोन सापळे. मी तोंड मिटलं. तिनं दुसरी उपटली, मग तिसरी, आणि मी उभीच होते.

वाऱ्यानं त्या तिन्ही गुंडाळ्या आमच्या अंगणात आणून टाकल्या. मी उचलल्या. बाहेरून काळ्या, आतून निळ्या, अजून निळ्या. मिरचीच्या रिकाम्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या. का ठेवल्या ते मला तेव्हाही कळलं नाही.

दोर सावलीत वाळले. उन्हात वाळवले तर कडक होतात. त्यांना ऑलिव्हच्या तेलाचा हात फिरवला. खरं सांगायचं तर इतके देखणे दोर मी कधी पाहिले नव्हते. पिकल्या जवासारखा रंग, हातात घेतले तर मऊ. काकांनी नांगराचा दोर मागितला आणि फासापासून चाचपायला लागले. हात पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले.

"पोरी, लोकर कुठं आहे?"

"कुठली लोकर, बाबा?"

भिंतीअलीकडं माझं दळण थांबलं.

काकांनी तिला समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. तेच वाईट. मग मबरूका रडायला लागली. आवाज दाबून रडत होती, पण भिंत पातळ होती.

"मी फेकली. कचरा म्हणून फेकली. मी शोधते, बाबा."

ती गुडघ्यांवर सगळं अंगण फिरली. वाटेवर गेली, काटेरी निवडुंगात हात घातले. आमच्या दाराशी आली. "ताई, तुमच्याकडं काही उडून आलं का? निळी लोकर?"

"नाही गं," मी म्हटलं.

संध्याकाळी खमैसनं हाजी अम्मारना गाठलं. समुद्रातल्या जागांचे तंटे तेच तोडायचे. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. उद्याच्या ओहोटीला जागेची सुरुवात दाखवा. दाखवता आली तर कुंपण घाला, नाही तर हंगाम गेला. जागा खमैसची.

सकाळी मी शेळीला पाला टाकायला बाहेर आले तेव्हा ती दोघं अंजिराखालीच होती. काकांच्या हातात दोर होता.

"माझ्या बोटांना आता काही कळत नाही," ते म्हणत होते. "कातड्याच्या खाली कातडंच आहे. तू बघ. लोकरीखाली दोराला कधी ऊन लागलं नाही, हात लागला नाही. तिथं तो वेगळा असेल."

"मला वेगळं काही दिसत नाही."

"डोळ्यांनी नको. धुऊन सगळा सारखाच दिसणार."

तिनं डोळे मिटले. सोललेली बोटं दोरावर ठेवली आणि हळूहळू सरकवायला लागली. प्रत्येक वावेला चेहरा आवळत होता, कारण दोराची कुसं त्या उघड्या मांसाला टोचत होती. चार वाव, पाच वाव. मी हातात पाला घेऊन उभी. शेळीनं तो माझ्या हातातूनच खायला सुरुवात केली.

नवव्या वावेच्या पुढं ती थांबली.

"इथं टोचत नाही," ती म्हणाली. "बोटभर. इथं दोर गुळगुळीत आहे, बाबा."

काकांचे ओठ हलले. दहा, असं म्हटलं असेल.

ओहोटीला आम्ही निघालो. समुद्र मागं सरकला होता आणि ओल्या वाळूत आभाळ पडलं होतं, त्यामुळं माणसं आभाळातून चालल्यासारखी दिसत होती. खमैस, हाजीसाहेब आणि मी पायी. ती दोघं होडीतून, झावळ्या लादून, खोल ओहोळाच्या वाटेनं. मबरूकानं शीड वर ओढलं. तीन वर्षं पडून राहिलेला दोर कप्पीतून एकदाही न कुरकुरता गेला. शीड भरलं. हाजीसाहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, "दोर छान निघालेत." खमैस थुंकला.

काळ्या धोंड्यात फास अडकवला. हाजीसाहेबांनी घुमटाचा रोख धरला. मबरूका कंबरेला ओचा मारून पाण्यात उतरली आणि दोर हातांतून सोडत चालत राहिली. मग थांबली. "इथं."

"इथं म्हणजे कुठं?" खमैस म्हणाला. "धुतला की दोर आखडतो. आणि खूण काय, तर हिच्या बोटाला गुदगुल्या झाल्या! उद्या माझ्या बोटाला होतील मशिदीतल्या मुल्लांच्या जागेत. हाजीसाहेब, बोटावर निवाडा होतो का कधी?"

"समुद्रात भिजला की दोर होता तेवढा होतो," काका होडीतून म्हणाले.

"पण लोकर नाही," हाजीसाहेब म्हणाले. त्यांनाही ते आवडलं नव्हतं. "सासिया, तू त्या जागी उभी राहा जरा, खुंटीसारखी. मला रोख पाहू दे."

मी गेले. मबरूकाच्या बोटाखाली, दोर पाण्याला टेकत होता तिथं उभी राहिले. पाणी गुडघ्यापर्यंत, कोमट. खाली चिखल आणि समुद्री गवत. पाय रुतला. आणि माझ्या उजव्या तळव्याखाली काहीतरी टणक आलं. बोटांनी चाचपलं. जुन्या कुंपणातला, झावळीच्या देठाचा खुंट होता, वरून कुजलेला, खाली घट्ट.

माझ्याशिवाय ते कुणाला कळलं नव्हतं. पाणी गढूळ होतं. पाय उचलून अर्धा हात बाजूला ठेवला असता तर झालं असतं. खमैस माझ्याकडं बघत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो नुसता नवरा बायकोकडं बघतो तसा बघत होता. मबरूका माझ्याकडं बघतच नव्हती. ती आपल्या हातांकडं बघत होती, आणि खाऱ्या पाण्यानं ते किती झोंबत असतील ते मला माझ्या अंगावर कळलं. सगळीकडं इतकी शांतता की मला वाटलं, हे सगळं काकांच्या स्वप्नातच चाललंय आणि मी आत्ता बोलले नाही तर ते उठणारच नाहीत.

"माझ्या पायाखाली खुंट आहे," मी म्हटलं.

"आपलाच असेल जुना," खमैस लगेच म्हणाला. "वाहत आला असेल."

"उपट," हाजीसाहेब म्हणाले.

मबरूका वाकली. दोन्ही हात चिखलात घातले, कोपरापर्यंत, आणि ओढलं. सुटेना. मी पण वाकले आणि तिच्या हातांवर हात ठेवून ओढलं. खुंट आवाज करत सुटला. हाजीसाहेबांनी तो पाण्यात खळबळला आणि टोक वर धरलं. आमच्या घरी देठाचं टोक चारी बाजूंनी तासतात. ताहरकाका एकाच घावात तिरपं तोडायचे. टोक तिरपं होतं.

हाजीसाहेबांनी तो होडीत काकांच्या हाती दिला. काकांनी टोकावरून अंगठा फिरवला. एवढं मात्र त्यांच्या अंगठ्याला कळलं.

"घाला कुंपण," हाजीसाहेब म्हणाले.

खमैस एकटाच पुढं चालत घरी गेला. जेवायला बसल्यावर पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मीठ जास्त झालंय." तीन दिवस तो माझ्याशी तेवढंच बोलला.

कुंपण पुरं झालं त्या दिवशी मबरूका भिंतीशी आली. हातांना तेलाच्या चिंध्या बांधलेल्या.

"ताई, खुणा पुन्हा बांधायला हव्यात. माझा माग उभा नाही. तुमच्याकडं निळी लोकर आहे का?"

डबा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. जनातकाकूची लोकर काढून द्यावी असं मला खूप वाटलं. पण दिली असती तर ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं, आणि कधी आली तेही. मी मागावरची नवी तोडून दिली. चांगली लांब तोडली.

"तुम्ही पाणी दिलंत," ती म्हणाली. "खुंटही तुम्हीच दाखवलात. तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं?"

तेव्हापासून दर हंगामात पहिला मोठा मासा ती आमच्याकडं पाठवते. खमैस मिटक्या मारत खातो आणि म्हणतो, मेंढरीला रीत कळते हो. काका गेले, तेव्हाही तिनं माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलं. त्या दोराला मी दिलेली लोकर आहे, आणि दर उन्हाळ्यात तो तीन पाण्यांत धुताना मबरूका ती लोकर हातानं झाकून धरते. डबा अजून फळीवर आहे. मी तो कधी कधी उघडते, आणि ती लोकर अजून निळी आहे.